उधाणात धरलेलं लग्न

शेवळखारच्या सोनूबाईबद्दल आता फारसं कुणी बोलत नाही. बोललंच तर एवढंच म्हणतात, की म्हातारीनं नातीचं लग्न उधाणात धरलं आणि स्वतःचं हसं करून घेतलं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. लग्न तिनं धरलं हे खरं आहे. पण तिला धरायला कुणी लावलं, हे गावाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण तो शहाणा मीच.

मी मूळचा माणगावकडचा, कुणब्याचा मुलगा. छप्पन साली स्कूल बोर्डानं मला शेवळखारच्या शाळेवर टाकलं. 'नेमलं' म्हणायला हवं, पण खारेपाटात मास्तरला टाकतातच. एका अंगाला खाडी, तीन अंगांना खारी शेतं, आणि मातीचा बांध धरून आहे म्हणून गाव आहे. मोटाररस्ता चार मैल लांब. त्यातला शेवटचा मैल समुद्राच्या मर्जीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण येतं, भर दुपारी वाट पाण्याखाली जाते आणि चार-पाच तास गावाचं बेट होऊन बसतं. अष्टमी-नवमीला पाण्याचा जोर मरतो, त्याला इथे भांग म्हणतात. पाहुणा बोलवायचा तो भांगेत, म्हैस विकायची ती भांगेत, आणि लग्न तर भांगेतच. 'उधाणात मांडव न्हाय' हे माझ्या पहिलीच्या वर्गातलं पोरगंसुद्धा मला सांगत असे.

या गावची सोनूबाई धवलारीण. आगऱ्यांच्या घरी पूर्वी लग्न लावायला भटजी नसे, धवलारीण असे. ती मंत्र म्हणत नाही, धवले गाते. हळद दळायची, त्याचा धवला. मांडवाची मेढ रोवायची, त्याचा वेगळा. नवऱ्या मुलाला न्हाऊ घालायचं, पाणी भरायचं, देव बसवायचे, प्रत्येक कामाला त्याचा त्याचा धवला, आणि तो झाल्याशिवाय ते काम झालं असं धरत नाहीत. तीन दिवसांचं लग्न, तीन दिवसांचं गाणं, आणि ते सगळं त्या काटकुळ्या, दात पडलेल्या बाईच्या डोक्यात. तिला अक्षर म्हणून येत नव्हतं. मी एकदा तिला तिचं नाव लिहून दाखवलं, तर म्हणाली, "येवढीशीच व्हय मी?"

धवला एकटीनं होत नाही. एक म्हणते, दुसरी ती ओळ झेलते, म्हणून तिला झेलकरीण म्हणत. सोनूबाईची झेलकरीण सखुबाई. तीस वर्षं दोघी एका दमानं गायल्या, आणि अठ्ठावन साली सखुबाई कावीळ होऊन गेली. मागे राहिली तिची मुलगी ठमी. वय वीस-बावीस, नवरा गलबतावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. ठमीचा गळा आईपेक्षा चांगला होता. मी गाण्यातला जाणकार नाही, पण ठमी मांडवात ओळ झेलायला लागली की आचारीसुद्धा डाव थांबवत, एवढं मी पाहिलेलं आहे.

मांडवात बसून मी वहीत धवले उतरवून घ्यायला लागलो. अशा तीन वह्या भरल्या. राहिला फक्त शेवटचा. तो मला मिळणारच नव्हता. मुलामुलीचा हात हातात द्यायची वेळ आली की दोघांभोवती धडप्याचा, म्हणजे जाडसर पांघरुणाचा, आडोसा धरतात. त्या आडोशात धवलारीण आणि झेलकरीण जातात आणि नवराबायकोच्या कानाशी हलक्या आवाजात शेवटचा धवला म्हणतात. बाहेर त्या वेळी ढोल आणि ताशा असा काही पेटतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मुद्दामच. तो धवला ज्यांचं लग्न, त्यांच्यापुरता. दोन्ही कुळांना, दोन्ही गावच्या देवांना, खाडीला आणि मिठाला साक्ष ठेवणारा. तो झाला की लग्न लागलं.

"मना येकट्याला सांगा, आजी, मी नुसता लिवून ठेवतो," असं तिच्याच भाषेत मी तिला कितीदा म्हटलं असेल. ती मान हलवायची. लग्न नाही तर धवला नाही. तरुणपणी मिठागरावर काम करताना तिनं एकदा, नुसती हौस म्हणून, तो धवला गुणगुणला होता. त्याच महिन्यात तिची पाळण्यातली मुलगी तापानं गेली. "मोकला धवला पोरी धुंडीत फिरतंय, गुरुजी. मांडवात म्हनला तं त्याला त्याची नवरी मिलते. भाईर म्हनला तं मिलंल ती नेतं." आता यावर मास्तरनं काय बोलावं? मी विज्ञान शिकवत होतो. पण ज्या बाईनं मूल पुरलंय तिला विज्ञान सांगायची माझी छाती झाली नाही.

म्हणजे ठमीला शिकायचं तर मांडवातच, लग्न चालू असतानाच. आणि इथेच सगळा घोळ होता. खारेपाटात लग्नं होतात माघापासून वैशाखापर्यंत, आणि मिठागरं चालतात तीही माघापासून वैशाखापर्यंत. ठमी मिठाच्या पाट्या वाहायची. तीन दिवस लग्नाला गेली की मुकादम तिच्या जागी दुसरी बाई उभी करायचा. सासू आणि दोन पोरं तिच्या हाताकडे बघून जगत होती. सबंध मोसमात ती जेमतेम एखाद्या लग्नाला यायची, तेही अर्ध्यातून पळायची, आणि शेवटच्या धवल्यापर्यंत कधी पोचायचीच नाही. इकडे सोनूबाईला दमा जडला होता. तिकडे मुंबईला गिरणीत लागलेली पोरं छापील पत्रिका आणि भटजी घेऊन गावात यायला लागली होती. दिवस थोडे होते आणि ते उघड दिसत होतं. पण दिसत होतं ते फक्त आम्हा तिघांना.

एकसष्ट सालच्या जूनमध्ये चार दिवस शिळ्या वर्तमानपत्रात मला एक सूचना दिसली. मुंबईच्या एका समितीकडून लोप पावत चाललेल्या कलांना सरकारी पैशातून साहाय्य. गुरूला मानधन, शिष्याला दोन वर्षं दरमहा विद्यावेतन. राज्याच्या सर्व भागांतून अर्ज मागवत होते. 'सर्व भागांतून' हे शब्द वाचून मी खुळा हरखलो. दोन वर्षं! ठमीनं दोन मोसम पाटी उचलायची नाही, नुसतं सोनूबाईच्या मागे मांडवामांडवात जायचं. तेवढ्यात सगळं तिच्या गळ्यात उतरलं असतं. त्याच दिवशी मी अर्ज लिहिला.

उत्तर आलं: अमुक तारखेला स्वखर्चाने मुंबईस यावे, सभागृहात वीस मिनिटांचे सादरीकरण करावे.

सोनूबाईनं ते शांतपणे ऐकून घेतलं. "तिथं लगीन कोनाचं हाय?"

"कुणाचंच नाही, आजी. नुसतं म्हणून दाखवायचं."

"मंग मी भित्तीचं लगीन लावू का खुर्चीचं?"

आम्ही गेलो नाही. मार्गशीर्षात वर्तमानपत्रात यादी आली. चाळीसेक नावं. त्यांतली तीसएक मुंबई-पुण्याची. आमच्या अख्ख्या कुलाबा जिल्ह्याच्या वाट्याला एक, तेही एका नाट्यमंडळाचं. त्या मंडळाची पाटी गावात आणि नट सगळे गिरगावात. गणपतीला येत, एक नाटक करत आणि मोदक खाऊन परत जात. ही कोकणातली कला! मला इतका संताप आला की त्या दिवशी मी मुलांना उगीच मारलं. मग रागाच्या भरात समितीला पत्र लिहिलं. लिहिलं, की मिठावरचा सेस गोळा करताना सरकारला आमचा पत्ता बरोबर सापडतो, मग द्यायची वेळ आली की तोच पत्ता हरवतो कसा? पैसा सगळ्या राज्याचा, तर कान दोनच शहरांना का? जे गाणं मांडवाबाहेर म्हणत नाहीत ते ऐकायचं तर मांडवात यावं लागेल, आणि मांडव मुंबईला येत नसतो. पत्र टाकलं आणि बदलीची वाट पाहू लागलो.

बदली नाही आली, समितीचं उत्तर आलं. मार्च महिन्यात. दोन सभासद राज्यभर दौरा करणार होते आणि शेवळखारला 'प्रत्यक्ष विवाहविधी पाहण्यास' येणार होते. सोबत दौऱ्याचा तक्ता होता. पुणे, नऊ दिवस. कुलाबा जिल्हा, एक दिवस. त्यात आम्ही, ५ मे, शनिवार, दुपारी बारा ते दीड. मला त्या नऊ आणि एकचं काहीच वाटलं नाही. भुकेल्याला कोंडा गोड. मी तक्ता छातीशी धरून सोनूबाईच्या घरी पळालो.

तिची नात काशी हिचं लग्न ठरलेलं होतं, तेच लग्न मी मनात धरलं होतं. पण ते होतं चौदा मेला, दशमीला, स्वच्छ भांगेत. पाच मे म्हणजे अमावास्येचा दुसरा दिवस. वर्षातलं थोरलं उधाण. आणि बारा ते दीड म्हणजे नेमकी पाणी डोक्यावर असण्याची वेळ.

मी तारीख बदलून मागितली. उत्तर टंकलिखित आणि दोन ओळींचं होतं: दौऱ्यात बदल शक्य नाही, त्या दिवशी विधी नसल्यास तसे कळवावे, म्हणजे सदर वेळ अन्य जिल्ह्यास देता येईल.

मी ते सोनूबाईला वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या मुलाला, चांगदेवला, बोलावून सांगितलं, की काशीचं लग्न पाच तारखेला धरायचं. चांगदेव उडालाच.

"आये, तुला याड लागलंय का? उधानात? लोक तोंडात श्यान घालतील."

"घालू दे. मी मेल्यावर तुज्या नातवंडांचं लगीन कोन लावील? तो मुंबईवाला भट? ठमीला शिकाया पायजे. त्यांनी येऊन आईकलं पायजे."

काशी कोपऱ्यात बसून ऐकत होती. कुणी तिला विचारलं नाही. मीही नाही.

मग सोनूबाई माझ्याकडे वळली. "गुरुजी, त्या सायबांना पान्याचं कलवलंय न्हवं? बारा वाजता वाट बुडते, त्यांनी धाच्या आत भाईरची खार वलांडाया पायजे."

"कळवलंय," मी म्हणालो.

मी कळवलं नव्हतं. मला भीती वाटली होती. 'वाट पाण्याखाली जाते' असं लिहिलं की त्यांचं दुसरं टंकलिखित पत्र येणार, आणि आमची वेळ अन्य जिल्ह्यास जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी लिहिलं होतं, 'गाव मोटाररस्त्यापासून चार मैलांवर असून वाट सपाट आहे.' सपाट! पाण्याइतकं सपाट काय असतं? माझा बेत असा, की गावच्या होडीवाल्याला, धर्माला, होडी घेऊन वाट बुडते त्या टोकाशी उभा करायचा. साहेब आले की होडीत बसतील, अर्ध्या तासात मांडवात. एवढ्या लांब आलेला माणूस पाणी बघून परत जाईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

चार तारखेला नवऱ्या मुलाकडचं वऱ्हाड मचव्यातून आलं. मुलाचा बाप अंबाजी, खाडीपलीकडचा, बऱ्यापैकी मिठागर असलेला. उधाणातलं लग्न त्यानं कसंबसं मान्य केलं होतं, तेही सोनूबाईच्या शब्दाखातर. त्यांना भटजी हवा होता, त्यालाही सोनूबाईनं नकार दिला होता. "माज्या नातीचं लगीन मी लावीन" यावर अंबाजी गप्प बसला होता, पण ते गप्प बसणं काही खुशीचं नव्हतं.

ठमी पहाटे मिठागरावर जाऊन मुकादमाला सांगून आली, की दोन दिवस येणार नाही. तो म्हणाला, तिसऱ्या दिवशीही येऊ नकोस. ती तशीच येऊन सोनूबाईच्या मागे बसली.

पाच तारखेची सकाळ इतकी चांगली गेली की मला अजून आठवते. सोनूबाईचा दमा जणू पळाला होता. हळदीचा, न्हाणाचा, देवांचा, एकेक धवला ती म्हणत होती आणि ठमी झेलत होती. साडेअकराला सगळं झालं. आता राहिला शेवटचा. सोनूबाई थांबली. पाहुणे यायचे होते.

बारा वाजले. पाणी बांधाला टेकलं. एक वाजता धर्माचा भाऊ छातीभर पाण्यातून सांगत आला, की साहेब आलेत! जीप घेऊन बुडलेल्या वाटेच्या टोकाशी आलेत, पाणी बघून थांबलेत. होडीत बसायला तयार नाहीत, पण पाणी उतरलं की येतो म्हणाले. धर्मा तिथेच उभा आहे.

मांडवात आनंदाची कुजबुज झाली. मला रडू येईल असं वाटलं. आले! सोनूबाईनं मांडवाकडे पाहून जाहीर केलं, "पानी उतरल्याबिगर हात देनार न्हाय." आणि वेळ भरून काढायला तिनं झालेल्या धवल्यांतले लांबवता येतील तेवढे लांबवायला सुरुवात केली. देवांच्या धवल्यात तिनं जिल्ह्यातले सगळे देव घेतले. पालीच्या गणपतीपासून श्रीवर्धनपर्यंत एकही देव सोडला नाही. मग आजूबाजूच्या वाड्यांतले, मग बांधावरचा म्हसोबा. देव संपले, मग नातीगोती घेतली.

दोन वाजले. तीन वाजले. वैशाखातलं ऊन, खारं वारं, आणि लग्न लागल्याशिवाय वऱ्हाडाला जेवण नाही. भाताच्या राशीवरून वाफ केव्हाच गेली होती. काशी उपाशी, अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या. तिला एकदा भोवळ आली. बायकांनी तोंडावर पाणी मारून तिला पुन्हा बसवलं. सोनूबाईचा आवाज घोगरा झाला, मग चिरका झाला, मग नुसता श्वास ऐकू यायला लागला. तरी ठमी ओळ झेलतच होती, जी ओळ तिला ऐकू येत नव्हती तीही.

अंबाजी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "गुरुजी, ह्ये लगीन हाय का सर्कस हाय? कोनासाठी थांबलाव आमी?"

"पाणी उतरतंय, अंबाजीशेठ. येतीलच."

"तुमचं पानी तुमालाच पाजा," असं म्हणून तो गेला. कुणाशी तरी काही बोलला आणि त्याचा एक माणूस बांधावरून पाण्यात उतरून निघाला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी वाटेकडे डोळे लावून होतो.

पाचाच्या सुमाराला वाट उघडी पडली. चिखल चमकत होता. आणि त्या चिखलातून, दूरवर, छत्री घेतलेला एक माणूस येताना दिसला. पांढरे कपडे, हातात पिशवी. पोरं ओरडली, "आलं, आलं, सायेब आलं!" सोनूबाई उठून उभी राहिली. तिनं दोन घोट पाणी पिऊन घसा खाकरला, ठमीचा हात धरला आणि म्हणाली, "चल पोरी. नीट आईक. येकदाच सांगनार हाय." चांगदेवनं धडपा उलगडला.

छत्री मांडवाच्या दारात मिटली. तो शेजारच्या गावचा भटजी होता. अंबाजीनं बोलावून आणलेला. बिचारा चिखलात दोनदा पडला होता, गुडघ्यापर्यंत माखला होता.

त्याच्या मागोमाग धर्मा आला. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. साहेब केव्हाच गेले होते. अर्धा तास जीपमध्ये बसले, घड्याळ पाहिलं, तीन वाजता त्यांचा दुसरीकडे कार्यक्रम होता. जाताना 'पाणी उतरलं की येतो' असं पुन्हा सांगून गेले, म्हणून धर्मा पाच वाजेपर्यंत उन्हात उभा राहिला होता.

अंबाजी म्हणाला, "म्हातारे, आता पुरं. भट लावील लगीन, न्हायतं आमी उठतो."

मला वाटलं सोनूबाई भांडेल. एकदा वाटलं, भटजींच्या आधी आडोशात शिरून ती आपला धवला म्हणून टाकेल. तिनं काशीकडे पाहिलं. काशी थरथरत होती, तिला धड उभंही राहता येत नव्हतं. "येका मांडवात दोन येलां लगीन लागत न्हाय," सोनूबाई म्हणाली, आणि ठमीचा हात सोडून खाली बसली. भटजींनी अंतरपाट धरला. पाच मंगलाष्टकं म्हटली, भुकेल्या माणसांवर उपकार म्हणून बाकीची सोडली. बाहेर ढोल-ताशा पेटला. दहा मिनिटांत काशीचं लग्न लागलं.

पुढच्या मोसमात सोनूबाईला एकही बोलावणं आलं नाही. लोकांचंही बरोबर होतं. खुद्द धवलारणीच्या नातीचं लग्न भटानं लावलं, मग आमच्या पोरींनी काय घोडं मारलंय? ठमी दुसऱ्या गावच्या मिठागरावर लागली, जाऊन-येऊन आठ मैल. सोनूबाई ओटीवर बसून असायची आणि मी शाळेतून येताना दिसलो की विचारायची, "कागद आला का?"

कागद त्रेसष्ट सालच्या ज्येष्ठात आला. छापील अहवाल. त्यात आमच्या जिल्ह्याला चार ओळी होत्या. 'शेवळखार येथे वाट अडल्याने विधी पाहता आला नाही. दुरून वाद्ये ऐकू आली. त्यांत विशेष काही आढळले नाही. जिल्ह्यात साहाय्यास पात्र अशी कला नसल्याने जिल्ह्याचा हिस्सा अन्यत्र वर्ग करण्यात येत आहे.'

मी ते तिला वाचून दाखवलं. लपवायला हवं होतं, पण खोटं बोलायची माझी हौस फिटली होती. ती म्हणाली, "वाजाप आईकलं ना त्यांनी? वाजाप वाजतंय तं आत काय चाललंय, येवढं तरी इचारायचं."

श्रावणात ती अंथरुणाला खिळली. काशी बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरले होते. ठमी रोज संध्याकाळी आठ मैल चालून येऊन तिच्या उशाशी बसायची. शेवटी मी लाज सोडली. वही घेऊन बसलो आणि हात जोडले. "आजी, आता तरी. ठमीच्या कानात सांगा. मी बाहेर जातो."

तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं. तिथे काशी कण्हत होती. "पोर आज-उद्या सुटंल. मोकला धवला लांब जाईल व्हय? त्याला घर ठावं हाय." ठमी रडायला लागली. सोनूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी काशीला मुलगी झाली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी म्हातारी गेली. पाण्याचं मी कळवलंच नव्हतं, हे मी तिला सांगू शकलो नाही. माझी हिंमत झाली नाही. तिच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हाही नाही.

पासष्टच्या फाल्गुनात धर्माच्या मुलीचं लग्न होतं. 'साहेब येतील' या त्या दिवशीच्या निरोपाचं ओझं धर्मा अजून वागवत होता. तो ठमीकडे जाऊन बसला. भट नको, तूच लाव. ठमी म्हणाली, मला सगळं येत नाही. तो म्हणाला, येतं तेवढं म्हण.

ती दोन दिवस एकटी गायली. झेलायला कुणी नव्हतं, ओळ स्वतःच टाकायची आणि स्वतःच झेलायची. मी वह्या उघडून बसलो होतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आता थांबेल, आता सांगेल, असं मला वाटत होतं. धडप्याचा आडोसा धरला. ठमी आत गेली. बाहेर वाजाप पेटलं आणि मला दुसरं काही ऐकू येईना. थोड्या वेळानं आडोसा खाली आला, मुलामुलीचे हात एकमेकांच्या हातात होते, लोकांनी अक्षता टाकल्या. ठमीला लुगडं नेसवलं. सोनूबाईच्या माघारी धवला राहिला, असं सगळे म्हणाले. मीही घरी जाऊन, कित्येक महिन्यांनी, पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी ठमी शाळेच्या ओटीवर येऊन बसली. अंगावर तेच नवं लुगडं होतं.

"गुरुजी, आत मी काय म्हनलंच न्हाय. मना येतच न्हाय तं काय म्हनू? नुसतं व्होट हालवलं. भाईर वाजत व्हतं. पोरीला वाटलं, आवाजात आईकू येत न्हाय." ती पदराचं टोक पिळत राहिली. "दोघांनी हात धरलं, घरी गेलं. मना रातभर झोप न्हाय. त्यांचं लगीन लागलं का हो?"

मुलं यायला लागली होती. मी किल्ली काढून शाळेचं कुलूप उघडलं.

"लागलं," मी म्हणालो.